पिवळ्या रंगाचा पारखी

माझ्या पाच दिवसांच्या मुलीला कावीळ झाली होती आणि मी तिच्या रंगाचं कौतुक करत बसलो होतो.

ही चूक मी पोटात ठेवली असती. पण ती सासुरवाडीच्या भर बैठकीत झाली, दहाबारा माणसांनी पाहिली आणि त्यातल्या निम्म्यांनी पुढं गावभर सांगितली. तेव्हा आता आपणच सांगितलेली बरी. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीत तर मी अजून मोठा गाढव वाटेन.

माझा धंदा हळदीचा. म्हणजे हळद माझी नाही, शेत माझं नाही, दुकानही माझं नाही. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, एका व्यापाऱ्यासाठी मी माल पारखतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातलं हळकुंड काढायचं, कट्‌कन मोडायचं, आतला गाभा उजेडात धरायचा आणि बोलून टाकायचं. गाभा केशरी आहे का नुसता पिवळा, वाळला का अजून ओल आहे, शिजवताना कच्चा राहिला का जास्त उकळला, हे मी पोत्याच्या तोंडाशी उभ्या उभ्या सांगतो. बारा वर्षं झाली. माझी बोटं पिवळी, सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या, मोबाईलची बटणं पिवळी. लग्नात मला हळद लावली तेव्हा ती दिसलीच नाही म्हणून दोनदा लावावी लागली. पिवळ्याच्या सतरा छटा मला डोळ्यांनी कळतात असं मी त्या काळी लोकांना सांगायचो. लोकांनी विचारलेलं नसायचं.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात. फेब्रुवारी सरत आला होता. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. मी पहिल्या दिवशी तासभर तोंड दाखवून मोंढ्यात परत पळालो होतो, कारण नवा माल यायला सुरुवात झाली होती. पाचवीच्या पूजेला मात्र गेलो, आणि मोंढा दोन दिवस बंद असल्यामुळं मुक्काम ठोकला.

गेलो तो रिकाम्या हातानं नाही. दुसऱ्यांचे जावई पाचवीला लेकरासाठी वाळे नेतात, झबली नेतात. मी दीड किलो हळद नेली. सेलम जातीची, त्या हंगामात माझ्या हाताखालून गेलेल्यातली सगळ्यात उजवी, मी स्वतः निवडून, समोर उभं राहून दळून घेतलेली. सासूबाईंच्या हातात डबा देताना मी छोटंसं भाषण केलं.

"मामी, दुकानातली ती रंग घातलेली पूड लेकराला लावू नका. ही लावा. सायीत कालवून लावा. काही कमी पडू देऊ नका."

सासूबाई हुशार बाई आहेत. एरवी त्यांनी चिमूटभर लावून डबा फळीवर ठेवला असता. पण जावई उंबऱ्यात पाय पसरून बसला होता आणि आपला माल कसा वापरला जातो हे बघत होता. त्यांनी लेकराला कपाळापासून पोटापर्यंत माखून काढलं. न्हाऊ घातलं. पुसलं. मग दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी लेकराला दाराशी नेलं. उजेडात धरलं, सवयीनं. आणि म्हणालो, "वा! काय कलर चढलाय! मामी, बघा, एक नंबर."

सासूबाई वाकून बघायला लागल्या. त्यांचं तोंड जरा बारीक झालं. "जावईबापू, लेकरू जरा जास्तच पिवळं दिसून राहिलंय काय?"

"दिसणारच. हळद कोणाची आहे?"

"न्हाई, पण डोळे बी..."

"डोळ्यांत गेली असेल थोडी. दोन दिवसांत उतरते. आमच्या मोंढ्यात या, दाखवतो डोळे."

बैठकीतली दहाबारा माणसं हसली. सासुरवाडीत जावयाच्या बोलण्याला कोणी आडवं जात नाही, आणि जावई वर पुन्हा त्या विषयातला जाणकार. मी तिथं म्हणालो असतो की हे लेकरू हिरवं आहे, तरी चार जणांनी मान हलवली असती. सासूबाईंनीही मग विषय सोडला. पण डबा त्यांनी फळीवर ठेवला तो मागच्या बाजूला, हे मला आठवतं.

सहाव्या दिवशी लेकरू झोपून राहिलं. रडायचं नाव नाही. मी म्हणालो, "किती शांत आहे. बापावर गेली."

बायको म्हणाली, "तुमी कधी शांत होते?" आणि मग हळूच, "दूध ओढून न्हाई राहिली बराबर. तोंडात घेते अन् झोपते."

"पोट भरलं असेल."

"कशानं?"

मी बाहेर जाऊन चहा मागितला.

सातव्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. आशाताई म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती, नव्या बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी येऊन लेकराचं वजन घेणारी, ताप बघणारी. खांद्याला पिशवी, हातात वही, पायात झिजलेल्या चपला. त्यांनी लेकराकडं एकदा बघितलं आणि वजनकाटा पिशवीतून काढलाच नाही.

"दाराशी आना लेकरू."

दाराशी आणलं. त्यांनी बोटानं लेकराचं कपाळ हलकं दाबलं आणि सोडलं. मग छाती. मग पोट. मग मांडी. प्रत्येक ठिकाणी दाबायचं, सोडायचं, बघायचं. त्यांची पद्धत मला ओळखीची वाटली, हळकुंड मोडून गाभा बघतात तशी. मी व्यावसायिक आपुलकीनं पुढं सरकलो.

"ताई, ती हळद आहे. सेलम. मीच आणलीय."

"धुवा," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

धुतलं. कोमट पाण्यात माझी हळद वाहून गेली, पाणी पिवळं झालं, आणि मी त्या पाण्याकडं बोट दाखवून "बघा" म्हणालो. आशाताईंनी लेकराचा पाय उचलला. बोटाएवढं पाऊल. तळवा माझ्यासमोर धरला.

"तळव्याला कोन लावलती हळद?"

सासूबाई म्हणाल्या, "कोनीच न्हाई. पोटापर्यंतच लावली."

तळवा पिवळा होता. मी बारा वर्षांत पाहिलेल्या सतराही छटांत तो बसत नव्हता. तरी माझं तोंड थांबलं नाही. "आमच्या हळदीचा डाग तीन दिवस जात नाही, ताई. उतरून खाली पायाला..."

"दादा," आशाताई म्हणाल्या, "तुमी पोते बघत जा. हे लेकरू आहे." आणि त्यांनी फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

हिंगोलीला जाताना गाडीत बायको लेकराला छातीशी धरून बसली होती. माझ्याशी एकच वाक्य बोलली. "तुमी पाचव्या दिवशी आलते. आज सातवा आहे." बस. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर एका शेतात हळद वाळत पडली होती, एकरभर, आणि त्या दिवशी मला ती बघवली नाही.

दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात लेकराला निळ्या उजेडाखाली ठेवलं. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पांढरी पट्टी. आत फक्त आई जाऊ शकत होती. मी काचेतून बघायचो. निळ्या उजेडात पिवळं दिसत नाही, त्यामुळं माझ्या सगळ्या विद्येचा तिथं काही उपयोग नव्हता. तिथं कोणी मला काही पारखायलाही सांगितलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. आईचा रक्तगट ओ, लेकराचा बी. अशा जोडीत लेकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त फुटतात, त्यातून पिवळं द्रव्य तयार होतं, इवलंसं यकृत ते निपटू शकत नाही आणि ते अंगात साठतं. बहुतेक बाळांना थोडी कावीळ होते आणि आपोआप जाते. हिची थोडी नव्हती. रक्त बदलण्यापर्यंत गोष्ट आली होती, पण उजेडानं आकडा उतरायला लागला.

मी विचारलं, "मॅडम, हळदीमुळं झालं का?"

"हळदीमुळं नाही झालं. हळदीमुळं उशीर झाला."

मला वाटलं होतं त्या पुढं रागावतील. त्या रागावल्या नाहीत, त्यांना वेळ नव्हता. चौथ्या दिवशी सोडताना त्यांनी बायकोला समोर बसवलं, मला नाही. म्हणाल्या, लेकरू आता चांगलं आहे, दूध पितंय, वजन घेतंय. पण कावीळ एवढी चढली की ते पिवळं द्रव्य मेंदूपर्यंत जाऊ शकतं, आणि त्याला सगळ्यात आधी बळी पडते ती ऐकण्याची नस. तीन महिन्यांच्या आत कानाची तपासणी करायची. नांदेडला होते. तपासणीचं नाव बेरा. कागदावर त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बायकोनं विचारलं, "ऐकू न्हाई आलं तर?"

"तर लवकर कळलेलं बरं. लवकर कळलं तर बोलायला शिकवता येतं. उशिरा कळलं तर अवघड जातं."

पुन्हा तो उशीर शब्द आला. मी खाली बघितलं.

त्यानंतर महिनाभर मी दर रविवारी सासुरवाडीला जाऊन लेकराचे कान तपासले. माझ्या पद्धतीनं. पहिल्या रविवारी मी तिच्या मागं उभं राहून ताट वाजवलं. लेकरू दचकलं नाही. सासरे दचकले. दुसऱ्या रविवारी स्टीलच्या डब्यात हळकुंडं घालून खुळखुळा केला. लेकरानं डोळे फिरवले, पण डब्याकडं का पंख्याकडं हे ठरेना. तिसऱ्या रविवारी मी थेट मोंढ्यातला लिलाव पुकारला, पोटातून, जसा आमच्याकडं पुकारतात तसा, बोली चढवत चढवत. लेकरू खुदकन हसलं.

"ऐकलं! ऐकलं!" मी ओरडलो.

बायको म्हणाली, "तुमचं तोंड बघून हसली. कोनीबी हसंल."

"मग तोंड झाकून करतो."

मी डोक्यावरून चादर घेतली आणि चादरीतून लिलाव पुकारला. त्याच वेळी शेजारचे म्हातारबा पाव्हण्याला भेटायला म्हणून दारात आले. त्यांनी चादरीतल्या माणसाकडं थोडा वेळ बघितलं, सासऱ्यांना "बरं चाललंय ना समदं?" असं विचारलं आणि न बसताच गेले.

दीड महिन्याच्या लशीला आम्ही लेकराला आरोग्य केंद्रात नेलं, तिथं त्या दिवशी कान तपासायचं एक छोटं मशीन आलं होतं. एका ताईंनी लेकराच्या कानात मऊ बोंड घातलं, मशीनवर हिरवा दिवा लागला, दुसऱ्या कानात घातलं, पुन्हा हिरवा दिवा. "पास," ताई म्हणाल्या. आणि लगेच म्हणाल्या, "पण तुमच्या कागदावर डॉक्टरांनी..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी बाहेर होतो, फोन लावत होतो.

मुलगी झाली तेव्हा मी रिवाजाप्रमाणं मोंढ्यात बर्फी वाटली होती. आता पेढे वाटले. आमचा म्होरक्या हमाल, वयानं माझ्याहून मोठा माणूस, पेढा हातात घेऊन म्हणाला, "काहून? दुसरं झालं का काय एवढ्यात?"

"पोरगी पास झाली."

"दीड महिन्यात? मॅट्रिक?"

"कानाची परीक्षा होती."

"मंग बरं झालं. बापाच्या अकलेची घेतली असती तर?" असं म्हणून त्यानं अजून एक पेढा घेतला.

मी मोबाईलवर लेकराच्या फोटोखाली 'दोन्ही कान पास' असं लिहून सगळ्यांना पाठवलं. महिनाभराची छातीवरची धोंड उतरली. पाचवीच्या दिवशीची चूकही मला त्या हिरव्या दिव्यानं माफ केली असं वाटलं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"बेराची तारीख घ्या."

"अगं, पास झालीय."

"ती बेरा नव्हती. ताई सांगत होत्या, तुमी पळाले. ते मशीन निस्ता कान बघतं. आपल्याला नस बघायचीय. बल्ब चांगला आहे, पण वायर?"

मी खरं सांगतो, मला समजलं होतं. एका क्षणात समजलं. पण पेढे वाटून झाले होते. सगळ्या मोंढ्यानं अभिनंदन केलं होतं. पास झालेल्या पोरीला पुन्हा परीक्षेला बसवायचं आणि ती नापास झाली तर काय सांगायचं, हा माझा प्रश्न होता. लेकराला ऐकू येतं का हा प्रश्न त्याच्या मागं कुठंतरी उभा होता. मी म्हणालो, ऐन हंगाम आहे, आवक कमी झाली की बघू. एप्रिल गेला. मेही गेला. एकदा मिळालेली तारीख मी भाव तेजीत आहेत म्हणून पुढं ढकलली. माणूस एकाच खड्ड्यात दोनदा पडतो म्हणतात. मी त्या खड्ड्यात मुक्कामाला होतो.

शेवटी बायकोनं फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, "तीन महिने होऊन वर बारा दिवस झाले. परवा मी अन् माय जाऊन राहिलो नांदेडला. तुमाला यायचं तर या, न्हाई तर पेढे वाटत बसा."

मी गेलो.

ह्या तपासणीची एक अट असते. लेकरू गाढ झोपलेलं पाहिजे. डोक्याला, कानामागं तारा चिकटवतात, कानात टक्‌टक्‌ आवाज सोडतात आणि झोपेतल्या मेंदूपर्यंत तो पोचतो का हे पडद्यावर रेघांत बघतात. लेकरू हाललं की रेघा बिघडल्या. म्हणून फोनवर सांगितलं होतं, सकाळपासून बाळाला झोपू देऊ नका, रस्त्यात अजिबात नको, इथं आल्यावर दूध पाजा म्हणजे झोपेल.

बाळापूरहून काळीपिवळीत बसलो. जीपमध्ये सोळा माणसं. सासूबाई आणि बायको मधल्या बाकावर, मी मागं, लेकरू माझ्याजवळ. बायकोनं लेकरू देताना बजावलं, "तुमाला एकच काम आहे. झोपू द्यायचं न्हाई."

"एवढं तरी जमेल मला."

मी लेकराला गुदगुल्या केल्या. टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या एका आजीबाईंना कारण सांगितलं, त्यांनीही चुटक्या वाजवल्या. पाचदहा मिनिटं झकास गेलं. मग बाहेरून ऊन, आतून सोळा माणसांची ऊब, जीपचा हेलकावा, आणि आदल्या दिवशीची लिलावाची दगदग. त्यानंतरचं मला आजीबाईंनी सांगितलं. नांदेड आल्यावर त्यांनीच मला कोपरानं ढोसलं.

"उठा. तुमचं लेकरू चुटक्यांनी काय उठंना. पन तुमी बी उठंना."

लेकरू माझ्या खांद्यावर झोपलं होतं, लाळ गाळत. दोघंही सगळा रस्ता झोपलो होतो. आणि आता त्याची झोप पूर्ण झाली होती.

तपासणीच्या खोलीबाहेर लेकरू टक्क जागं. ताजंतवानं, पाय झाडत, सगळ्यांकडं बघून हसत. आतल्या मॅडम बाहेर आल्या. "बाळाचे पप्पा कोण?" मी हात वर केला. "झोपवलं होतं का रस्त्यात?" मी हात खाली घेतला.

तीन तास आम्ही त्या लेकराला झोपवायला खर्चले. दूध, थोपटणं, व्हरांड्यातून येरझारा. सासूबाई माझ्याकडं बघायचंही टाळत होत्या, त्यांना राग आला की त्या तसं करतात. तिसऱ्या तासाला लेकराचे डोळे मिटले. मॅडमनी कपाळाला, कानामागं तारा लावल्या. खोलीत अंधार केला. बायको आत बसली. मी दारातून विचारलं, "मी येऊ?"

"पप्पा बाहेर," मॅडम म्हणाल्या.

तो पाऊण तास मी बाकावर बसून काढला. बडबड करायला कोणी नव्हतं. आत पडद्यावर काय उमटत असेल ते मला इथून पारखता येत नव्हतं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि माझ्याकडं न बघताच त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या. "त्या दिवशी माझ्या मनात आलतं. डोळे पिवळे हायत म्हनून. मी बोलले न्हाई परत."

"मी बोलू दिलं नाही, मामी."

"व्हय," त्या म्हणाल्या. तेवढंच. मला बरं वाटावं म्हणून 'तसं काही नाही' वगैरे म्हणाल्या नाहीत, आणि ते बराबर होतं.

बायको बाहेर आली तिच्या हातात कागद होता. दोन्ही कानांची नस कमजोर होती. उजव्याची थोडी, डाव्याची जास्त. बहिरी नव्हती, पण हळू बोललेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, लहान आहे, कधीकधी नस सुधारते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नाही सुधारली तर मशीन लावू, आणि तुम्ही वेळेत आलात. वेळेत आलात हे त्यांनी बायकोकडं बघून म्हटलं. मीही मान हलवली, तशी बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी ती मधेच थांबवली.

मोंढ्यात मी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. पेढे उगाच वाटले, पोरगी नापास झाली म्हणून. म्होरक्या हमालानं डोक्याचं फडकं सोडून झटकलं आणि म्हणाला, "पोरगी काहून नापास? अभ्यास तुमचा होता." दिवसभर मग तो मला काही टोचून बोलला नाही, उलट दुपारी आपल्या डब्यातली भाकरी दिली.

दुसऱ्या तपासणीत उजवा कान पुष्कळ सुधारला. डावा जिथल्या तिथं. तोवर मायलेकी वसमतला घरी आल्या होत्या. सातव्या महिन्यात त्या कानाला मशीन लागलं, शेंगदाण्याएवढं, कानामागं बसणारं. लेकराला जवळ घेतलं की मशीन शिट्टी मारायचं. लेकरू ते काढून तोंडात घालायचं, दुपट्यात लपवायचं, एकदा पिठाच्या डब्यात टाकलं आणि आम्ही दोघांनी परातीत पीठ चाळून शोधलं.

आणि मॅडमनी घरचा अभ्यास दिला. लेकराशी बोलायचं. समोर बसून, तोंड दिसेल असं, दिवसभर. पाणी देताना पाणी म्हणायचं, दार लावताना दार म्हणायचं. तिला जेवढं ऐकू येईल तेवढं ती बोलेल. नाही ऐकलं तर नाही बोलणार.

हा अभ्यास मी मनावर घेतला. जन्मभर लोकांनी मला आवर घाल म्हणून सांगितलं, आणि आता डॉक्टरी कागदावर बोलायला सांगितलं होतं. मोंढ्यातून घरी आलो की मी सुरू. हा तांब्या. हा तांब्या कोणाचा? बाळापूरच्या आजोबांचा. आजोबा कुठं गेले? शेतात गेले. शेतात काय आहे? वर्षभर मी असा बोललो. घसा बसायचा, गुळण्या करून पुन्हा बोलायचो. लेकरू माझ्या तोंडाकडं बघत राहायचं, हसायचं, पण स्वतः काही म्हणायचं नाही. सोबतची लेकरं आई, बाबा, मम म्हणायला लागली. आमचं लेकरू नुसतं बघायचं. बायको रोज अंघोळीनंतर मशीन पुसून लावायची आणि लावताना क्षणभर तिचा हात थांबायचा. काय विचार करतेय हे मी विचारत नव्हतो, कारण तोच माझाही होता. पाचवा दिवस, सातवा दिवस. त्या दोन दिवसांत काय गेलं, किती गेलं, हे कोणतंच मशीन सांगत नाही.

लेकरू दीड वर्षाचं झाल्यावर नांदेडला पुन्हा दाखवायला गेलो. ह्या वेळी जीपमध्ये लेकरू बायकोजवळ होतं. मॅडमनी फॉर्म काढला, पेन उघडलं.

"बोलायला लागली का?"

"हो," मी छाती काढून म्हणालो. चार दिवसांपूर्वीच लागली होती.

"पहिला शब्द कोणता?"

"बाबा," मी म्हणालो.

मॅडमनी लिहायला पेन टेकवलं. बायको म्हणाली, "खोटं सांगून राहिले हे. पहिला शब्द 'गप'."

मॅडमनी पेन उचललं. बायकोकडं बघितलं. मग लेकराकडं, जे टेबलावरचा स्टेपलर ओढत होतं. "अर्थ कळून म्हणाली का, की नुसता आवाज काढला? हे महत्त्वाचं आहे, नीट आठवून सांगा."

"कळून," बायको म्हणाली. "हे तासभर बोलून राहिले होते. ह्यांच्या तोंडावर हात ठेवून म्हनाली, अन् हे थांबेपर्यंत म्हनत राहिली."